घरात गोळी एकच, वयं वेगवेगळी: छातीतली जळजळ परत परत का येते

छातीत जळजळ, घशाशी आंबट पाणी, रात्री झोपमोड करणारा कोरडा खोकला. गोळी घेतली की चार दिवस बरं, मग पुन्हा तेच. गोव्यात, फोंड्यातल्या फार्मसीत बसून ही तक्रार मी सगळ्या वयांच्या माणसांकडून ऐकते, आणि बहुतेक घरांत तिच्यावरचा उपाय एकच असतो: फ्रीजवर पडलेली पँटोप्राझोलची, म्हणजे आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांची, स्ट्रिप. आजी त्यातली घेते, मुलगा घेतो, सातव्या महिन्यातली सून घेते, दहावीतला नातूही घेतो. "बाय, दोन स्ट्रिप दे, घरात सगळ्यांनाच लागते," असं आजी म्हणाली की मी तिला आधी स्टूल देते, कारण पुढचं बोलणं लांबणार असतं.

तिला जे सांगते तेच इथे लिहिते आहे. जळजळ सगळ्यांना सारखीच वाटते, पण तान्ह्या बाळात, गरोदर बाईत आणि सत्तरीच्या माणसात तिची कारणं वेगळी असतात. कारण तसंच ठेवून नुसती गोळी बदलत राहिलात तर त्रास परत येणारच.

बिघडतं काय, ते आधी बघू. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं. घास खाली गेला की ते मिटतं. ते नको तेव्हा सैल पडलं, किंवा पोटातला दाब वाढला, की जठरातलं आम्ल वर चढतं. जठराला आतून बुळबुळीत अस्तराचं संरक्षण असतं, अन्ननलिकेला तसं नसतं, म्हणून तिथे भाजतं. बहुतेकांच्या पोटात आम्ल काही फार जास्त तयार होत नाही. ते नको त्या जागी पोचतं. ही गोळी वर येणं थांबवत नाही, वर येणाऱ्या पाण्यातलं आम्ल कमी करते. म्हणूनच "जळजळ गेली, पण पाणी अजून घशाशी येतं" अशी तक्रार गोळी चालू असतानाही राहते. त्या पाण्याचा बंदोबस्त ताटात आणि पलंगावर करावा लागतो.

आधी हृदय

जेवल्यावर, वाकल्यावर किंवा आडवं झाल्यावर वाढणारी आणि घशाकडे चढणारी जळजळ बहुधा आम्लाची असते. पण छातीवर दाब, दरदरून घाम, धाप, हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीकडे जाणारी कळ, चढण चढताना येणारं आणि थांबल्यावर कमी होणारं दुखणं, यातलं काहीही असेल तर सोडा पिऊन वाट बघू नका. मधुमेह असलेल्यांत, बायकांत आणि वयस्करांत हृदयविकाराचा झटका नुसती मळमळ किंवा पोटाच्या वरच्या भागातली अस्वस्थता होऊनही येतो. १०८ ला फोन करा, नाहीतर जवळच्या आरोग्य केंद्रावर ईसीजी काढून घ्या; गोव्यात तिथला ईसीजी बांबोळीच्या गोमेकॉतल्या (गोवा मेडिकल कॉलेजातल्या) हृदयरोग तज्ज्ञांना लगेच दाखवायची सोय आहे. ईसीजी चांगला निघाला आणि दुखणं आम्लाचंच ठरलं, तर फेरी फुकट गेली असं समजू नका.

गोळी काम करत नाही, की घेण्याची वेळ चुकते?

माझ्या अनुभवात परत परत येणाऱ्या जळजळीचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, म्हणून इथे जरा थांबते.

ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल, इसोमेप्राझोल ही सगळी एकाच जातीची औषधं. जठराच्या भिंतीत आम्ल बाहेर टाकणारे सूक्ष्म पंप असतात आणि ते जागे होतात खाल्ल्यावर. औषध रक्तात थोडेच तास टिकतं आणि त्या वेळात जे पंप चालू असतील तेवढेच बंद पाडतं. म्हणून गोळी जेवणाआधी ३० ते ६० मिनिटं घ्यायची असते. रात्री जेवून, भांडी आवरून, झोपताना घेतलेली गोळी बरीचशी वाया जाते. आणि नेमकी तीच वेळ पाळणारे लोक मला रोज भेटतात.

सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजतो ना, त्याच्या अर्धा तास आधीची वेळ धरा. उठल्यावर पाण्याबरोबर गोळी, मग दात घासणं, आंघोळ, देवपूजा, आणि त्यानंतर चहा नि उंडो पाव. चहाबरोबर गोळी नको. त्रास मुख्यतः रात्रीच होत असेल तर दिवसाची एक गोळी रात्रीच्या जेवणाआधी अर्धा तास घेतलेली चालते; डॉक्टरांना विचारून वेळ बदलून घ्या. गोळी चावायची नाही, कुटायची नाही. तिच्यावरचं आवरण आम्लात विरघळू नये म्हणून दिलेलं असतं, ते फोडलं तर औषध जठरातच नासतं.

दुसरी गोष्ट म्हणजे पूर्ण गुण यायला तीन-चार दिवस लागतात. "आज शाकुती जास्त झाली, एक गोळी टाकतो" असं जेवणानंतर केलं तर हे औषध त्या रात्री उपयोगी पडत नाही. अशा एखाद्या रात्रीसाठी सोडियम अल्जिनेटचं सिरप बरं. जेवणानंतर आम्लाचा थर अन्नावर तरंगत असतो. अल्जिनेटचा फेस त्याच्यावर साय धरल्यासारखा बसतो आणि आम्ल वर येऊ देत नाही. ते जेवल्यानंतर आणि झोपण्याआधी घ्यायचं.

त्रास नेहमीचा असेल तर डॉक्टर साधारण आठ आठवड्यांचा कोर्स देतात. तो रोज, योग्य वेळी घेतला आणि तरी फरक नाही, तर तिसऱ्या कंपनीची गोळी मागू नका. तपासणीची वेळ झाली.

फार्मसीत मागितली जाणारी आणखी दोन औषधं सांगते. "डीएसआर" लिहिलेल्या कॅप्सूलमध्ये आम्लाच्या औषधाबरोबर डॉम्पेरिडोन असतं. त्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात, साठीनंतर धोका जास्त. युरोपच्या औषध नियामकांनी २०१४ मध्ये ते फक्त मळमळ-उलटीसाठी आणि साधारण आठवड्यापेक्षा जास्त नाही, असं बंधन घातलं. आपल्याकडे लोक महिनोन्‌महिने रोज घेतात, आणि ते मला बघवत नाही. दुसरं रॅनिटिडिन. कर्करोगाचा धोका वाढवू शकणाऱ्या नायट्रोसामीन जातीच्या अशुद्धीमुळे अमेरिकेने ते २०२० मध्ये बाजारातून काढायला लावलं आणि भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतूनही २०२२ मध्ये ते वगळलं गेलं. त्याच जातीचं फॅमोटिडिन मिळतं, डॉक्टरांकडून तेच लिहून घ्या.

पलंग आणि ताट

उशांची थप्पी रचून झोपणाऱ्यांना सांगते, त्याने फक्त मान वाकते आणि पोट दुमडून दाब वाढतो. उचलायचा तो पलंग. आमच्या घरी डोक्याकडच्या दोन पायांखाली सुताराकडून करून घेतलेले फणसाच्या लाकडाचे ठोकळे आहेत, वरच्या बाजूला पाय बसेल एवढा खळगा कोरलेला, म्हणजे रात्री कूस बदलताना पलंग सरकत नाही. उंची १५ ते २० सेंटीमीटर हवी. पहिल्या रात्री खाली घसरल्यासारखं वाटतं, मग अंगवळणी पडतं. भिंतीत बसवलेला पलंग असेल तर कमरेपासून डोक्यापर्यंत उतरता असा फोमचा पाचर घ्या. आणि डाव्या कुशीवर झोपा. त्या कुशीत जठर अन्ननलिकेच्या खालच्या पातळीवर राहतं, आम्ल चढायला वाव कमी मिळतो.

रात्रीचं जेवण आणि झोप यांत तीन तास. हा नियम पाळणं गोव्यात सोपं नाही, हे मला ठाऊक आहे. किनाऱ्यावरच्या हॉटेलात शिफ्ट रात्री बाराला सुटते, कॅसिनोत पहाटे. त्यांना मी सांगते की मोठं जेवण शिफ्टच्या आधी किंवा मधल्या सुट्टीत घ्या, घरी येऊन झोपण्याआधी वाटीभर पेज पुरे. उकड्या तांदळाची पेज, बरोबर लोणच्याऐवजी शिजवलेली भाजी.

पथ्याच्या लांबलचक याद्यांवर माझा विश्वास नाही. सगळ्यांना सगळं बाधत नाही. चार गोष्टी बहुतेकांना बाधतात: तळलेलं आणि तुपकट, एका वेळी पोटभर जेवण, दारू, सिगारेट. बाकीच्यांची यादी स्वतःची स्वतः करायची. दोन आठवडे वहीत लिहा, काय खाल्लं, किती वाजता, किती वाजता जळजळलं. कुणाला व्हिनेगर घातलेलं विंदालू बाधतं, कुणाला काहीच होत नाही. कुणाला गाड्यावरचं रॉस ऑम्लेट रात्री दहाला बाधतं आणि संध्याकाळी सहाला चालतं. तिथे दोष पदार्थाचा नाही, वेळेचा आहे.

सोलकढीबद्दल सगळेच विचारतात. जेवणावर सोलकढी हवीच, पित्तशामक आहे, असं आपण लहानपणापासून ऐकतो. पण आमसुलं आंबट असतात आणि नारळाचा रस स्निग्ध. अन्ननलिकेला आधीच सूज असेल तर आंबट झोंबतं. गुण येत असेल तर जरूर प्या, प्यायल्यावर झोंबत असेल तर सूज उतरेपर्यंत बाजूला ठेवा. थंड दुधानेही घटकाभर बरं वाटतं, मग त्यातल्या प्रथिनांमुळे आणि कॅल्शियममुळे आम्ल पुन्हा पाझरतं. फसफसणाऱ्या पुडीने ढेकर येतो आणि सुटल्यासारखं वाटतं, पण तिच्यात सोडियम भरपूर. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर नकोच. "एक पेग फेणी पोटाला बरी" हेही घराघरांत चालतं. दारूने ते स्नायूंचं कडं सैल पडतं. हंगामातलं उर्राक, म्हणजे काजूची हलकी दारू, लिंबाच्या सोड्यात मिरची घालून घेतात, त्यात दारू, आंबट, गॅस आणि तिखट सगळंच आलं. जळजळीचा रोग असलेल्या माणसाने फेणीला औषध समजू नये, एवढं मी ठामपणे सांगेन.

तान्हं बाळ

बाळ दूध पिऊन गुळणी टाकतं, कधी नाकातूनही येतं, आणि आई घाबरून जाते. पहिल्या काही महिन्यांत हे बहुतेक बाळांचं होतं. चौथ्या महिन्याच्या आसपास सगळ्यात जास्त, आणि वर्ष-दीड वर्षाचं होईपर्यंत बहुतेकांचं आपोआप थांबतं. बाळ हसतंय, वजन वाढतंय, लंगोट ओले होतायत, तर त्याला कोणतंही औषध नको. थोडं थोडं दूध, मधूनमधून ढेकर, पाजल्यावर वीस-तीस मिनिटं उभं धरणं, बस्स. झोपवायचं मात्र पाठीवरच, सपाट गादीवर. गुळणी टाकतं म्हणून पालथं घालू नका, पाळण्यात उशी लावून उंच करू नका. त्यात श्वास कोंडायची भीती असते. घुटी, ग्राइप वॉटर, मध काहीही नको. मध तर वर्षाच्या आत अजिबात नको, त्यातून बोट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते.

हिरवी उलटी, उलटीत रक्त, दूध प्यायला नकार, वजन न वाढणं, किंवा तीन ते सहा आठवड्यांच्या बाळाची प्रत्येक पाजण्यानंतर लांब उडणारी जोरदार उलटी असेल तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जा. शेवटच्या लक्षणात जठराचं पुढचं तोंड अरुंद झालेलं असू शकतं आणि त्याला शस्त्रक्रिया लागते. काही बाळांना गाईच्या दुधाची ॲलर्जी असते आणि ती रिफ्लक्ससारखीच, म्हणजे दूध वर येण्यासारखीच, दिसते. त्याची परीक्षा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच होते.

शाळा-कॉलेजातली मुलं

शिकवणीहून नऊला परतणं, भुकेने दोन माणसांचं जेवण, मग मोबाइल घेऊन आडवं पडणं. बऱ्याच मुलांचं निदान एवढ्यातच होतं. कोला आणि एनर्जी ड्रिंक बंद केल्याने खूप फरक पडतो.

एक कारण मात्र सहज निसटतं. मुरुमांसाठी डॉक्सिसायक्लिन दिलेलं असतं. पावसाळ्यात लेप्टोच्या (उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाच्या) भीतीने शेतात उतरणाऱ्यांनाही देतात. ती कॅप्सूल घोटभर पाण्यात गिळून मुलं लगेच झोपतात. ती अन्ननलिकेत चिकटते आणि तिथे चट्टा पडतो. काल काही नव्हतं आणि आज गिळतानाच छातीत जळतंय, असं झालं तर आधी विचारा, कोणती गोळी कशी घेतली? पेलाभर पाणी आणि नंतर किमान अर्धा तास ताठ बसणं, एवढ्याने हा प्रकार टळतो.

गरोदरपण

प्रोजेस्टेरॉन या हार्मोनमुळे कडं सैल पडतं, आणि शेवटच्या तिमाहीत गर्भाशय जठराला वर ढकलतं. बाळंतपणानंतर बहुतेकींची जळजळ आपोआप जाते, म्हणून या काळात धीर आणि लहान लहान जेवणं हाच मुख्य उपचार. अल्जिनेट किंवा कॅल्शियम कार्बोनेटच्या चघळायच्या गोळ्या डॉक्टर सहसा सुचवतात. खाण्याचा सोडा आणि फसफसणारी पूड नको. लोहाची गोळी आणि अँटासिड (आम्ल मारणारं असं औषध) एकत्र घेतलं तर लोह नीट शोषलं जात नाही. दोघांत दोन तासांचं अंतर ठेवा. आधीच रक्त कमी असलेल्या बाईला हे अंतर कुणी सांगितलेलंच नसतं.

घरगुती चूर्णंही सांभाळून. अविपत्तिकर चूर्णात निशोत्तर भरपूर असतं आणि ते रेचक आहे. गरोदर बाईने वैद्यांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये.

आणि सासूबाईंसाठी, आईसाठी, नवऱ्यासाठी एक गोष्ट. पाचव्या महिन्यानंतर बरगड्यांखाली उजवीकडे किंवा पोटाच्या वर दुखतंय, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे चमकतंय, तोंड-हात सुजलेत, तर ते पित्त समजून घरी ठेवू नका. रक्तदाब वाढून होणारा प्री-एक्लॅम्प्सिया असाच सुरू होतो. लगेच दवाखाना.

चाळिशी-पन्नाशी

पोटाचा घेर. याहून मोठं कारण या वयात क्वचितच सापडतं. पोटावरची चरबी जठरावर सतत दाब टाकते आणि कमी झालेला प्रत्येक किलो उपयोगी पडतो. गणेश चवथीच्या दिवसांत नेवऱ्या, मोदक आणि जागरण यांनी ज्यांचं दरवर्षी बिघडतं, त्यांनी ते चार दिवस रात्रीचं जेवण तरी लवकर उरकावं. गुडघे-कंबर दुखते म्हणून आपल्या मनाने घेतलेल्या आयबुप्रोफेन-डायक्लोफेनॅकने जठरात जखम होते. तिला जळजळीची गोळी झाकून ठेवते आणि एके दिवशी आतल्या रक्तस्रावाने शौच काळं होतं.

साठीनंतर

या वयात जळजळ कमी जाणवते आणि आतली इजा मात्र जास्त असू शकते. रात्रीचा खोकला, सकाळी बसलेला आवाज, घसा सतत खाकरणं, एवढंच दिसतं. घरातल्यांनी जेवताना लक्ष ठेवा. बाबा अलीकडे भाताबरोबर जास्त पाणी पितात, पोळीचा घास सोडून देतात, हळूहळू पेजेवर आलेत, म्हणजे घास अडकत असेल. घास अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, काळं शौच, रक्ताची उलटी, रक्त कमी होणं, किंवा साठीनंतर नव्यानेच सुरू झालेली जळजळ, यांना गोळीवर ठेवायचं नाही. एंडोस्कोपी, म्हणजे नळीने आतून तपासणी, करून घ्यायची. बांबोळीला गोमेकॉत त्याचा स्वतंत्र विभाग आहे. तपासणी भीतीदायक नसते: सहा-आठ तास उपाशी, घशात बधिर करणारा फवारा, आणि नळी आत असते ती काही मिनिटंच.

मग औषधांची पिशवी काउंटरवर ओता, असं मी आजींना सांगते. हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी असेल तर ती पेलाभर पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास आडवं व्हायचं नाही. ती अन्ननलिकेला चांगलीच भाजते. रक्तदाब आणि छातीच्या काही गोळ्यांनी कडं सैल पडतं, त्या आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. रक्ताच्या गुठळ्या रोखणारं क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल टाळतात, कारण त्यांनी त्याचा असर कमी होतो. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी आणि जळजळीचीही उपाशीपोटी, मग सकाळी गोंधळ उडतो. अशांना जळजळीची गोळी रात्रीच्या जेवणाआधी सोयीची पडते. अँटासिड मात्र थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब.

वर्षानुवर्षं गोळी चालू असलेल्यांत बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, हाडं मोडण्याचा धोका थोडा वाढलेला दिसतो. वर्षातून एकदा डॉक्टरांना सरळ विचारा, ही मला अजून का हवी?

गोळी सोडताना

एकदम बंद केली की आवरून धरलेलं आम्ल उसळतं आणि पहिले काही दिवस आधीपेक्षा जास्त जळतं. "बघ, गोळीशिवाय माझं चालतच नाही" असं म्हणून माणूस परत तिच्याकडे येतो. ती उसळी रोगाची नसून औषध थांबवल्याची असते आणि काही आठवड्यांत ओसरते. डॉक्टरांशी बोलून मात्रा अर्धी करा (गोळी मोडून नव्हे, कमी ताकदीची लिहून घेऊन), मग एक दिवसाआड, मग बंद. मधल्या काळात जेवणानंतर अल्जिनेट ठेवा. पलंगाखालचे ठोकळे या काळात काढू नका.

सगळ्यांनी मात्र ती सोडायची नसते. एंडोस्कोपीत अन्ननलिकेला मोठ्या जखमा किंवा बॅरेट नावाचा अस्तरातला बदल सापडलेल्यांनी, आणि अल्सरातून आधी रक्तस्राव होऊनही ॲस्पिरिन घ्यावंच लागणाऱ्यांनी, ती चालू ठेवायची. तुम्ही त्यांत बसता की नाही हे एंडोस्कोपीच्या कागदावर लिहिलेलं असतं. डॉक्टरांकडे जाताना तो कागद आणि औषधांची पिशवी बरोबर न्या.